फ्रीज ‘टक्’ करतो आणि गप्प बसतो

पत्र असं आलंय, थोडं छोटं करून देते:

“ताई, आमचा फ्रीज नऊ वर्षांचा आहे. मागच्या रविवारी अचानक थंड करायचा थांबला. आतला दिवा लागतो, दर पाच-सात मिनिटांनी मागून घुंऽ असा आवाज येतो, मग टक् आणि परत शांत. टेक्निशियन आला, दहा मिनिटं बघितलं, मागे हात लावला आणि म्हणाला कॉम्प्रेसर गेलाय, गॅसपण गेलाय. खर्च सांगितला तो नवीन फ्रीजच्या जवळजवळ निम्मा. गॅस तर दोन वर्षांपूर्वीच भरला होता. मिस्टर म्हणतात भंगारात काढ आणि ईएमआयवर नवीन घेऊ. सासूबाई म्हणतात चांगली वस्तू अशी टाकायची नाही. त्यांचं इन्सुलिन शेजारी ठेवलंय, रोज दोनदा त्यांची बेल वाजवायची लाज वाटते. हाताशी पैसे आहेत, पण ते मुलीच्या फीचे आहेत, पुढच्या महिन्यात भरायचेत. वर मिस्टर म्हणाले की तू दार सारखं उघडं ठेवतेस म्हणून गेला. काय करू?”

ताई, आधी इन्सुलिनचं बोलू, कारण मला पत्र वाचताना असं वाटलं की तुमच्या डोक्यावर जी घाई बसलीय ती फ्रीजची नाहीचे, इन्सुलिनची आहे. सासूबाई सध्या वापरतायत ती उघडलेली बाटली किंवा पेन असेल ना, ते बहुतेक प्रकारांत घरातल्या साध्या तापमानाला साधारण चार आठवडे चालतं, फार उकाडा नसेल आणि ऊन लागत नसेल तर. नेमके किती दिवस आणि किती तापमानापर्यंत ते खोक्यातल्या कागदावर लिहिलेलं असतं, प्रत्येक इन्सुलिनचं वेगळं असतं, म्हणून तो कागद वाचा किंवा जिथून घेता त्या केमिस्टला फोन करून नाव सांगून विचारा. न उघडलेला साठा मात्र 2 ते 8 डिग्रीतच राहायला हवा, तो शेजारी राहू दे. आणि शेजाऱ्यांना सांगून ठेवा की फ्रीझरमध्ये नको, बर्फाला चिकटूनही नको, कारण एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी फेकूनच द्यावं लागतं. म्हणजे रोज दोनदा बेल वाजवायची गरज बहुतेक उरत नाही, महिन्यातून एखाद-दोनदा जावं लागेल. लाज निम्म्याहून कमी झाली की नाही? आणि मुख्य म्हणजे तुम्हाला आठ-दहा दिवस मिळाले, एवढे पुरेत.

आता त्या टक् कडे येऊ. तुम्ही आवाज इतका नीट लिहिलात त्याबद्दल खरंच थँक्यू, लोक नुसतं “फ्रीज बंद पडला” एवढंच लिहितात, त्यावरून काय सांगणार कप्पाळ.

कॉम्प्रेसर म्हणजे मागे खाली जो काळा डबा असतो तो. साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या (घरातला बॅटरीवाला नव्हे, इन्व्हर्टर फ्रीज म्हणजे ज्यात कॉम्प्रेसरचा वेग इलेक्ट्रॉनिक बोर्ड कमी-जास्त करतो तो) फ्रीजमध्ये त्याच्या बाजूला दोन छोट्या वस्तू लावलेल्या असतात, एक स्टार्ट रिले आणि दुसरा ओव्हरलोड. रिले मोटरला सुरुवातीचा धक्का देतो. तो धक्का मिळाला नाही तर मोटर जागच्या जागी घुंऽ करत करंट ओढत राहते, तापते, आणि जळू नये म्हणून ओव्हरलोड लाइन तोडतो. तुम्हाला ऐकू येतो तो टक् हाच. मग पाच-सात मिनिटांत ओव्हरलोड गार होतो, परत लाइन जोडली जाते, परत घुं, परत टक्. म्हणजे तुमचा फ्रीज सांगतोय काय, तर “मला सुरू व्हायचंय पण होता येत नाहीये”. आता ते कॉम्प्रेसर आतून जाम झाला म्हणून असेल, किंवा बिचारा रिले मेला म्हणून असेल, किंवा मोटरला मागून पुरेसा व्होल्टेजच येत नसेल. तीन कारणांचा आवाज एकच! आणि खर्चात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. नवीन फ्रीज शंभराला मिळतो असं धरलं तर रिले आणि ओव्हरलोड मिळून त्यातले दोन-चार, फार तर पाच. कॉम्प्रेसर बदलायचा तर तुम्हाला सांगितले तसे चाळीस-पन्नास.

म्हणून दहा मिनिटं हात लावून “कॉम्प्रेसर गेला” हे मला पटलं नाही. कदाचित तो बरोबरही असेल हं, अनुभवी माणसाला हाताने पण बरंच कळतं, पण तुम्ही निम्मा फ्रीज खर्च करणार असाल तर हात लावण्यापेक्षा जरा जास्त तपासणी हवी. तपासणी अशी असते: प्लग काढून रिले उपसायचा, कॉम्प्रेसरच्या तीन पिना उघड्या होतात, त्यांच्यात मल्टिमीटर लावून रेझिस्टन्स बघायचा. तीन जोड्यांची तीन मापं येतात आणि सगळ्यात मोठं माप हे बाकी दोघांच्या बेरजेएवढं यायला पाहिजे. कुठली जोडी काहीच दाखवत नसेल तर वाइंडिंग, म्हणजे मोटरच्या तारेचं वेटोळं, तुटलंय, आणि पिन आणि डब्याचं लोखंड यांच्यात मीटरने जोड दाखवली तर वाइंडिंग बॉडीला लागलंय, मग खरंच गेला, वाद संपला. मापं ठीक असतील तर नवा रिले आणि ओव्हरलोड लावून सुरू करून बघायचा. सुरू झाला तर झालाच. व्होल्टेज ठीक असूनही नाही झाला तर कॉम्प्रेसर जाम आहे, हे तरी पक्कं कळलं. या सगळ्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात. इन्व्हर्टर मॉडेल असेल तर रिले नसतो, तिथे बोर्ड असतो, पण तिथेही आधी बोर्ड तपासायचा मग कॉम्प्रेसरला नावं ठेवायची. हे स्वतः करू नका प्लीज, तुम्ही फक्त विचारा, “मीटर लावून बघितलंत का? रीडिंग काय आलं?” एवढ्या एका प्रश्नाने समोरच्याचा सूर बदलतो, मी बघितलंय.

तुम्ही स्वतः करू शकता अशी गोष्ट एकच. फ्रीज एक्स्टेन्शन बोर्डवर असेल तर तिथून काढून थेट भिंतीच्या सॉकेटला लावून एकदा बघा, स्टॅबिलायझर असेल तर त्याच्यावरचा व्होल्टेजचा आकडा बघा. नाहीच झालं तर प्लग काढून ठेवा. दिवसभर टक् टक् करत ठेवलात तर धडधाकट कॉम्प्रेसर पण तापून तापून खराब होईल. आणि बंद फ्रीजचं दार थोडं उघडं ठेवा, मधे टॉवेलची घडी घाला, नाहीतर आत बुरशीचा असा वास बसतो की नंतर दुरुस्त झाला तरी नको वाटतो. घरात लहान मूल येत-जात असेल तर मात्र दार भिंतीकडे फिरवून ठेवा, आत जाऊन बसायची बुद्धी त्यांनाच होते.

गॅसचं सांगते, कारण इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. फ्रीजचा गॅस म्हणजे सिलिंडरचा गॅस नाही की वापरला तसा संपला. तो बंद नळीत गोल गोल फिरत राहतो, वापराने कमी होत नाही, कमी झाला म्हणजे कुठेतरी लीक आहे. आणि गॅस कमी असला की कॉम्प्रेसर न थांबता चालत राहतो, फक्त थंड होत नाही. तुमचं तर उलट आहे, तुमचा सुरूच होत नाहीये. जो सुरू होत नाही त्याचा गॅस गेलाय हे त्या दादांना वरून कसं कळलं? हा, एक गोष्ट त्यांच्या बाजूने पण सांगायला हवी, कॉम्प्रेसर बदलायचा म्हटलं की नळी कापावीच लागते, आतला गॅस जातो, त्यामुळे नवीन गॅस भरणं त्या कामात आलंच. तेव्हा कदाचित त्यांना तेच म्हणायचं असेल आणि तुम्ही ऐकलं “गॅसपण गेलाय”. विचारून घ्या. पण दोन वर्षांपूर्वी गॅस भरला तेव्हा लीक कुठे होता, बंद केला का, हे कुणी सांगितलं होतं का आठवा. नुसता गॅस भरून दिला असेल तर ते पंक्चर न काढता हवा भरल्यासारखं झालं. आणि लीक जर फ्रीजच्या भिंतीच्या आतल्या, फोममधल्या नळीत असेल तर त्यावर पैसे घालू नका, तिथपर्यंत पोचणंच अवघड असतं.

कॉम्प्रेसर बदलायची वेळ आलीच तर सोबत फिल्टर ड्रायर (नळीतली ओल आणि कचरा धरून ठेवणारा छोटा पार्ट) पण बदलायचा, व्हॅक्यूम काढायचा म्हणजे नळीतली हवा पंपाने ओढून घ्यायची आणि गॅस काट्यावर मोजून भरायचा. किती ग्रॅम ते फ्रीजच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. आर 600ए लिहिलं असेल तर तो गॅस पेट घेणारा असतो, त्याचं काम येणाराच माणूस बोलवा, अंदाजपंचे भरणारा नको.

आता जे मला पत्र वाचल्या वाचल्या पहिल्यांदा सुचलं ते. नऊ वर्षं! ताई, बिल शोधा. बऱ्याच फ्रीजच्या कॉम्प्रेसरला वेगळी वॉरंटी असते, पूर्ण फ्रीजला एक वर्ष आणि कॉम्प्रेसरला दहा वर्षं अशी पुष्कळदा असते, सगळ्यांना नसते पण असते. लोक पहिलं वर्ष संपलं की वॉरंटी संपली असं धरून कार्ड रद्दीत देतात. तुमची वॉरंटी दहाची असेल तर अजून शिल्लक आहे, आणि खरोखर कॉम्प्रेसर गेला असेल तर तो पार्ट कंपनी फुकट देईल. गॅस आणि मजुरी बहुतेक तुम्हालाच द्यावी लागेल, ते लहान अक्षरात लिहिलेलं असतं, तरी सांगितलेल्या निम्म्याचा आकडा बराच खाली येतो. बिल सापडत नसेल तर घाबरू नका, बँकेचं जुनं स्टेटमेंट काढा, ऑनलाइन घेतला असेल तर ईमेलमध्ये शोधा, आणि फ्रीजच्या आत भाजीच्या कप्प्याजवळ किंवा मागे जो स्टिकर असतो त्याचा मोबाइलवर फोटो काढून मॉडेल आणि सिरीयल नंबर कंपनीच्या कस्टमर केअरला सांगा. फोन करताना नंबर कंपनीच्या पुस्तिकेतला किंवा त्यांच्या स्वतःच्या साइटवरचाच घ्या, सर्चमध्ये वर येणारा पहिला नंबर पुष्कळदा भलत्याचाच असतो. आणि ह्यात महत्त्वाचं म्हणजे कंपनीचा माणूस येऊन बघेपर्यंत दुसऱ्या कुणाला नळी कापू देऊ नका, कापली की वॉरंटी गेलीच समजा. दोन वर्षांपूर्वी गॅस भरला तो बाहेरच्या माणसाकडून असेल तर त्यावरूनही ते कुरकुर करतील, तरी विचारायला काय जातंय.

मी एवढं पोटतिडकीने का लिहितेय, तर मी स्वतः हे केलंय. वॉशिंग मशीन. पाणी भरायचं, धुवायचं, आणि मग भरल्या पाण्यात कपडे घेऊन थांबायचं, स्क्रीनवर एरर. आलेल्या माणसाने बोर्ड गेला म्हणून सांगितलं, आकडा ऐकून मी त्याच संध्याकाळी नवीन मशीन बुक केलं, बाल्टीत ओले कपडे पिळता पिळता, हातांना साबण तसाच. जुनं मशीन ज्याने नेलं तो महिन्याभराने भेटला. हसत म्हणाला ताई मशीन एक नंबर चाललंय, आम्ही घरीच ठेवलं, पंपात मोजा अडकला होता. लहान मुलाचा मोजा! खाली कोपऱ्यात जे छोटं झाकण असतं ना, ते फिरवून उघडलं की फिल्टर, त्याच्या मागे पंप, तिथे. चार वर्षांत ते झाकण मी एकदाही उघडलं नव्हतं. तो मोजा मी कितीतरी दिवस शोधत होते ते वेगळंच.

तर आता समजा मीटर लावून झालं, वॉरंटी नाही निघाली, कॉम्प्रेसर खरंच गेलाय. मग हिशोब करा, आणि भांडण आकड्यांना करू दे, मिस्टर आणि सासूबाईंना नको. फ्रीज साधारण दहा ते पंधरा वर्षं चालतो. नवीन शंभराचा, बारा वर्षं चालला असं धरा, वर्षाला आठच्या जवळपास पडतात. जुना पंचेचाळीस घालून दुरुस्त केला आणि अजून तीनच वर्षं चालला तर वर्षाला पंधरा पडले, म्हणजे महागात गेला. पाच वर्षं चालला तर नऊ, म्हणजे जवळपास बरोबरी. आता बाकीचा फ्रीज बघा. दाराचं रबर घट्ट आहे का? दारात कागदाची पट्टी धरून दार बंद करा आणि ओढा, सहज निसटली तर रबर सैल झालंय. तळाला गंज आहे का, आतलं प्लास्टिक तडकलंय का. हे सगळं धड असेल आणि नवीन कॉम्प्रेसरवर लेखी गॅरंटी मिळत असेल तर सासूबाईंचं म्हणणं अजिबात जुनाट नाहीये. गंजलाय, रबर गेलंय, वर गॅसचं रडगाणं दोन वर्षांपूर्वीच सुरू झालंय, असं असेल तर मिस्टरांचं बरोबर. शिवाय विजेचं पण बघा, नवीन फ्रीज रोज अर्धा युनिट जरी कमी खात असेल तरी वर्षाला 180च्या वर युनिट होतात, ते तुमच्या वीजबिलाच्या दराने गुणा. पण दुकानदार सांगतो म्हणून नको, दोन्हीच्या लेबलवरचे वर्षाचे युनिट समोरासमोर ठेवून.

फीच्या पैशांना हात लावू नका. एवढं मी स्पष्टच सांगते, बाकी सगळं “बघा, ठरवा” आहे पण हे नाही. फीला तारीख आहे, फ्रीजला नाही. ईएमआय वाईट नसतो, पण “नो कॉस्ट” हा शब्द ऐकला की दुकानात दोन आकडे मागा, आज सगळे पैसे दिले तर किती आणि हप्त्याने एकूण किती, प्रोसेसिंग फी धरून. मधला फरक म्हणजे व्याज, त्याला ते काहीही नाव देवोत. पुष्कळदा रोख घेणाऱ्याला जो डिस्काउंट मिळतो तोच हप्तेवाल्याला मिळत नाही, कॉस्ट तिथे लपलेली असते. फरक कमी असेल आणि हप्ता फी भरून झाल्यावर महिन्याच्या खर्चात आरामात बसत असेल तर घ्या की, त्यात लाजण्यासारखं काही नाही. एक्स्टेंडेड वॉरंटी काउंटरवर घाईघाईत घेऊ नका, घरी येऊन वाचा की त्यात कुठला पार्ट आहे आणि कुठला नाही, बऱ्याच ठिकाणी नंतरही घेता येते.

नाहीतर मधला रस्ता पण आहे, वापरलेला छोटा फ्रीज. घ्यायला जाल तेव्हा आधी फोन करून सांगा की बंद ठेवा, आणि तुमच्यासमोर सुरू करायला लावा. तासाभरात फ्रीझरच्या आत बोट गार लागलं पाहिजे. आधीच सुरू करून थंडगार करून ठेवलेला फ्रीज दाखवला तर मला तरी शंका येते. आणि आडवा घालून आणलात तर जेवढे तास आडवा होता निदान तेवढे तास उभा ठेवून मगच प्लग लावा, कॉम्प्रेसरमधलं तेल नळीत गेलेलं असतं ते परत खाली यायला वेळ लागतो. नवीन घेतलात तर दाराची रुंदी मोजून जा, घराच्या दाराची म्हणतेय मी, जिन्याच्या वळणाची पण. हसू नका, डिलिव्हरीवाले परत गेलेले मी बघितलेत.

आणि दार उघडं ठेवण्यावरून. मिस्टरांना सांगा की दार सारखं उघडल्याने फ्रीज जास्त वेळ चालतो, वीज जास्त जाते, बर्फ साठतो, ते सगळं खरं. पण नऊ वर्षांचा रिले किंवा कॉम्प्रेसर तुमच्या दार उघडण्याने गेला असं काही म्हणता येत नाही. घरात फ्रीज सगळेच उघडतात, फक्त आत काय संपलंय हे बघायला तुम्हीच जास्त वेळ उभ्या असता, म्हणून आळ तुमच्यावर. त्यापेक्षा मागची धूळ कुणी आणि कधी झाडली होती विचारा त्यांना. गरमी बाहेर टाकणारी काळी जाळी मागे उघडी असलेलं मॉडेल असेल तर त्या धुळीने कॉम्प्रेसरला खरंच जास्त त्रास होतो.

तर उद्या सकाळी स्टिकरचा फोटो, बिलाची शोधाशोध, कंपनीला फोन. वॉरंटी नसेल तर दुसरा टेक्निशियन, येण्याची फी आधी विचारून, आणि मीटर घेऊन ये म्हणून सांगून. त्याने रिले बदलला तर जुना रिले परत मागून घ्या, तुमचाच आहे तो. कानाजवळ धरून हलवा, आतली चकती फुटली असेल तर खुळखुळ्यासारखा वाजतो. वाजला तर मला एका ओळीचं पत्र टाका, आणि हो, तो आधी मिस्टरांच्या कानाशी वाजवून मग टाका.